परदेशी शिकणारी औषधविद्यार्थिनी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभासदांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



औषधशास्त्राविषयी बोलण्याचा आमचा अधिकार शून्य आहे, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. आम्ही इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सीमाशुल्क खात्यात उभी हयात काढली. औषधाशी आमचा संबंध आला तो बंदरावर उतरणाऱ्या पेट्यांच्या कागदपत्रांपुरता, आणि अलीकडे रक्तदाबाच्या एका गोळीपुरता. तरीही कार्यकारिणीने हा विषय आमच्या गळ्यात घातला, कारण आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी अमेरिकेत औषधशास्त्र शिकली आणि तिची पत्रे आम्ही येथे पुष्कळांना वाचून दाखवीत असू. पत्रे म्हणजे संगणकावरचीच. परंतु लांबीने आणि जिव्हाळ्याने जुन्या काळच्या पत्रांत शोभावी अशी. तिच्या अनुमतीनेच आज बोलत आहोत. तिचे नाव आणि तिच्या महाविद्यालयाचे नाव मात्र आम्ही घेणार नाही.

या सभागृहात बसलेल्यांपैकी निदान चार-पाच घरांत सध्या हीच चर्चा चालू आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. मुलगा बी.फार्म. झाला, आता अमेरिकेला पाठवावे काय? म्हणून एक रुक्ष गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडील चार वर्षांची बी.फार्म. पदवी घेतलेल्यास तेथे औषधालयात औषधनिर्माता म्हणून उभे राहता येत नाही. १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी पदवीधराचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असला पाहिजे, तरच त्याला तेथील समकक्षता परीक्षेस बसू देतात. त्याआधी पदवी घेतलेले आपले अनेक लोक त्या परीक्षेच्या वाटेने तेथे स्थिरावले. पुढच्यांना ते दार बंद झाले. आपल्याकडे २००८ साली सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम सुरू झाला, त्यामागे हेही एक कारण होते असे आम्ही समजतो. आणखी एक गैरसमज असा की, तेथे जाऊन एम.एस. केले की झाले. एम.एस. ही संशोधनाची आणि कारखान्यातील नोकरीची वाट आहे. गिऱ्हाइकाच्या हाती औषध देण्याचा परवाना तिने मिळत नाही. हे न विचारता कर्ज काढलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

आमची भाची सांगलीची. तिने तेथे बी.फार्म. केले आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये ती पेन्सिल्व्हेनिया राज्यात तेथील फार्म.डी.च्या पहिल्या वर्षात दाखल झाली. म्हणजे चार वर्षे शिकून झाल्यावर पुन्हा चार वर्षे. आमचे मेहुणे निवृत्त शिक्षक. घर बँकेकडे ठेवून त्यांनी कर्ज काढले. बहिणीने तेव्हा आम्हांला दूरध्वनीवर विचारले, "दादा, हे बरोबर करतोय ना रे आम्ही?" आम्ही उत्तर दिले की, मुलीने सगळे नियम वाचून निर्णय घेतला आहे, एवढे तरी बरोबर आहे. याहून अधिक आश्वासन देण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते.

पहिल्या वर्षाची पत्रे बहुतेक नावांविषयी आहेत. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला तेथे ॲसिटामिनोफेन म्हणतात. दम्याचे सालब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल होते, ॲड्रेनलिनचे एपिनेफ्रिन होते, मधुमेहाचे ग्लिबेनक्लमाइड ग्लायब्युराइड या नावाने वावरते. तिने लिहिले होते, "मामा, चार वर्षे ज्यांच्याशी ओळख करून घेतली, ती सगळी माणसे इथे लग्न होऊन नाव बदललेल्या मुलींसारखी भेटतात." त्यातच तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर, ताप फॅरनहाइटमध्ये, वजन पौंडात. मुलाच्या वजनावरून औषधाची मात्रा काढायची तर पौंडाचे किलो आधी करायचे, आणि ते विसरले तर मात्रा दुपटीहून अधिक होते. या एका भागाकाराची शिक्षकांनी वर्षभर घोकंपट्टी करवून घेतली असे ती लिहिते.

औषधाच्या दुकानाचे तिने केलेले वर्णन आम्हांस फार आवडते. आपल्याकडे दुकानदार गोळ्यांची पट्टी घेतो, कात्रीने हव्या तेवढ्या गोळ्या कापतो आणि कागदी पाकिटात टाकून देतो. मैलापूरला काय आणि सांगलीला काय, हीच रीत. तेथे पट्ट्या जवळपास नाहीतच. मोठ्या बरणीतल्या सुट्या गोळ्या एका तबकडीवर ओतायच्या, चपट्या पात्याने पाच-पाच करून मोजायच्या आणि केशरी रंगाच्या प्लॅस्टिकच्या कुपीत भरायच्या. कुपीवर रोग्याचे नाव, औषधाचे नाव, केव्हा किती घ्यायचे आणि डॉक्टराचे नाव, असे सगळे छापलेले. ते वाचून आम्हांला आमच्या लहानपणीचा कंपाउंडर आठवला. तोही काचेच्या बाटलीत लाल मिश्रण ओतून तिला डोसांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवून देत असे. बाटली रिकामी झाली की विसळून परत आणावी लागे. औषध ही एका विशिष्ट माणसासाठी, त्याच्या नावाने तयार केलेली वस्तू आहे, ही जुनी कल्पना तेथे प्लॅस्टिकच्या कुपीत शिल्लक आहे आणि आपल्याकडे कात्रीने कापली गेली, असे आमचे मत झाले.

त्या कुपीचे झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही. लहान मुलांनी गोळ्या खाऊ नयेत म्हणून १९७० साली तेथे त्यासाठी कायदा झाला. परंतु संधिवाताने बोटे वाकलेल्या आजीबाईंना तेच झाकण उघडता येत नाही. मग त्या साधे झाकण मागतात, आणि ती मागणी नोंदवून ठेवावी लागते. पहिल्या उन्हाळ्यात भाचीचे निम्मे काम हे झाकणांचेच होते.

त्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष काम फार आहे. पहिल्या तीन वर्षांत किमान तीनशे तास, आणि शेवटचे वर्ष जवळजवळ संपूर्ण, किमान १४४० तास, निरनिराळ्या औषधालयांत आणि रुग्णालयांत. दर पाच-सहा आठवड्यांनी जागा बदलते. पहाटे अंधारात बस पकडायची, गुडघाभर बर्फातून थांब्यापर्यंत जायचे आणि मग आठ-दहा तास उभे राहायचे. खुर्ची नाही. "पायांची किंमत इथे कळली," असे तिचे एक वाक्य आहे. दुपारच्या डब्यात ती पोळी-भाजी नेई. भाजीचा वास येतो म्हणून कोणी तोंडावर काही बोलले नाही, परंतु विश्रांतीच्या खोलीत ती हळूहळू दही-भातावर आली. आम्ही मद्रदेशी राहणारे, आम्हांला दहीभाताची थोरवी सांगायला नको! मेतकूट आणि कुळथाचे पीठ येथून पाठवीत असू. सीमाशुल्काचे नियम आम्हांला पाठ असल्यामुळे आमची पुडकी कधी अडली नाहीत, एवढी फुशारकी मारण्याची मुभा असावी.

तेथे औषधनिर्माता लसही टोचतो. भाचीने पहिल्यांदा एका गृहस्थाच्या दंडात फ्ल्यूची लस टोचली, त्या रात्री तिचे पत्र आले ते दोनच ओळींचे होते. त्या गृहस्थाने "झाले सुद्धा?" असे विचारले म्हणे.

दिवसाचा मोठा भाग मात्र विमा कंपन्यांशी बोलण्यात जातो. औषध लिहिले डॉक्टराने, हवे रोग्याला, पैसे द्यायचे विमा कंपनीने. आणि ती म्हणणार, हे नको, दुसरे द्या, किंवा आधी आमची परवानगी घ्या. २०१८ च्या हिवाळ्यात एक वृद्ध गृहस्थ इन्सुलिन घ्यायला आले. किंमत ऐकून त्यांनी कुपी परत सरकवली, टोपी घातली आणि "पुढच्या महिन्यात येतो" म्हणाले. इन्सुलिन पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तिच्या मार्गदर्शिकेने त्यांना खुर्ची दिली. ग्राहकासाठी तेथे खुर्ची असते. मग डॉक्टर, विमा कंपनी आणि उत्पादकाची साहाय्य योजना अशा तिघांशी पाऊण तास दूरध्वनीवर बोलून तिने काही तजवीज केली. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला आणि संशोधकांनी आपले हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले, हा इतिहास भाचीला पाठ होता. तो त्या पाऊण तासात काही उपयोगी पडला नाही. पुढे २०२२ साली तेथे कायदा झाला आणि २०२३ पासून सरकारी वृद्धविम्यातील लोकांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरहून अधिक पडू नये अशी मर्यादा आली. येथे एक कौतुकाची गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या या तमिळनाडूत १९९४ साली सरकारी औषध महामंडळ स्थापन झाले. सर्व सरकारी रुग्णालयांची औषधे एकत्र विकत घेणे, तपासून घेणे आणि रोग्यांना मोफत देणे ही व्यवस्था त्याने बसवली, आणि पुढे इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. आपण येथे राहतो आणि आपल्याला ते ठाऊकही नसते. भाचीने तेथील वर्गात या व्यवस्थेवर निबंध वाचला, तेव्हा त्यासाठी माहिती जमवताना आम्हांला ते कळले.

आता एक प्रसंग विस्ताराने सांगतो. अखेरच्या वर्षी ती एका लहान औषधालयात होती. एका वृद्ध बाईंसाठी लघवीच्या जंतुसंसर्गावर सल्फावर्गातील औषधाची चिठ्ठी आली. या बाई वर्षानुवर्षे वॉरफरिन घेत होत्या. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात कुजलेल्या गवताने गुरे रक्तस्राव होऊन का मरतात याचा शोध घेताना त्याचे मूळ सापडले आणि त्या विद्यापीठाच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. त्याच्याबरोबर हे सल्फा दिले तर वॉरफरिनचा जोर वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका उत्पन्न होतो. संगणक असे इशारे देतो. परंतु तो दिवसभरात इतके इशारे देतो की, लोक ते बोटाने बाजूला सारायला शिकतात. भाचीने तो सारला नाही. मार्गदर्शिका म्हणाली, "मग डॉक्टरांना तूच दूरध्वनी कर," आणि शेजारी उभी राहिली.

पलीकडच्या परिचारिकेला औषधाचे नाव कळेना. आपल्या मराठी जिभेला 'व' एकच आहे. इंग्रजांचे दोन आहेत. भाची म्हणे वारफरीन, ती विचारी काय? तीनदा झाले. मागे रांग वाढत होती. "मामा, मला वाटलं फोन ठेवून द्यावा आणि गोळ्या मोजाव्यात, मोजायला कुठे उच्चार लागतो?" असे तिने लिहिले आहे. अखेरीस तिने एकेक अक्षर सांगितले, विल्यममधला डब्ल्यू असे करीत करीत. दहा मिनिटांनी डॉक्टरचा उलट दूरध्वनी आला. त्याने औषध बदलले, आणि तिचे नाव विचारून घेतले. त्या बाईंना यातले काही कळले नाही. त्यांनी कुपीला साधे झाकण मागितले आणि त्या गेल्या.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला या पत्रांबरोबर दुसरी एक मराठी मुलगी सारखी आठवत राहिली. आनंदीबाई जोशी याच पेन्सिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघून त्या ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पुरे झाले होते. त्यांच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली या मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. साडी आणि शाकाहार सांभाळून त्या थंडीत राहणे, आजारपण अंगावर काढणे, घरच्या पत्राची आठवडेच्या आठवडे वाट पाहणे, हा आनंदीबाईंचा दिनक्रम होता. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली आणि पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात त्या क्षयाने गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आपण मराठी माणसे या चरित्राचा गौरव पुष्कळ करतो. आम्हांला मात्र त्यातील रोजच्या थंडीचा आणि जेवणाचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांचा देह त्यातच खचला. म्हणून भाचीला आमचे पहिले प्रश्न नेहमी हेच असत की, खोली गरम आहे काय आणि जेवलीस काय.

मद्रासचेही एक नाव घ्यायला हवे. येथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव १९२० च्या दशकात बॉस्टनला गेले. येथली पदवी तेथे वैद्यकी करण्यास पुरेशी नव्हती; म्हणून हार्वर्डमध्ये शिकत असताना त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची हमाली केली. त्याच गृहस्थांच्या प्रयोगशाळेतून पुढे हत्तीरोगावरचे औषध आले, जे आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतून आजही वाटले जाते. आणि त्याहून मागे जायचे तर तंजावरच्या सरफोजीराजांचा धन्वंतरी महाल आहेच. मराठी राजाच्या आश्रयाने तेथे देशी आणि विलायती अशा दोन्ही औषधांचे प्रयोग झाले आणि उपचार तमिळ पद्यांत लिहून ठेवले गेले. परमुलुखात राहून तेथल्या भाषेत औषध सांगणारे आमच्या भाचीचे पूर्वज याच प्रांतात होते, हे आम्ही तिला कळवले. तिचे उत्तर आले, "त्यांना विमा कंपनी नव्हती!"

आता उरली ती घरची गोष्ट. तिच्या शिक्षणात रोग्याशी बोलण्याला फार महत्त्व होते. १९९० च्या कायद्याने तेथे रोग्याला औषधाविषयी समजावून देण्याची तयारी दाखवणे औषधनिर्मात्यावर बंधनकारक झाले. ते कसे करावे, तर तीन प्रश्न विचारून. अमेरिकेतील मूळ रहिवाशांसाठी असलेल्या सरकारी आरोग्यसेवेने हे प्रश्न बसवले आहेत. हे औषध कशासाठी आहे असे डॉक्टरांनी सांगितले? ते कसे घ्यायला सांगितले? आणि त्याने काय होईल असे सांगितले? आपण सांगायचे नाही, आधी विचारायचे.

२०१९ च्या जानेवारीत एका रविवारी सांगलीला पडद्यावर बोलणे चालू होते. मेहुण्यांच्या मागे टेबलावर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पडली होती. भाचीने सहज म्हटले, "बाबा, ती पट्टी जरा दाखवा." दिवसभर दुसऱ्यांच्या कुप्या तपासून तिची नजर तशी झाली होती. आणलेल्या तारखेची पावती तिने मागितली आणि उरलेल्या गोळ्या मोजायला लावल्या. तीस दिवसांच्या गोळ्या एकोणसाठ दिवस पुरल्या होत्या. मेहुणे दिवसाआड गोळी घेत होते. घरात हे कोणाला ठाऊक नव्हते. बहिणीलाही नाही.

रात्री भाचीने आम्हांला येथे दूरध्वनी केला. ती रडत नव्हती, पण बोलायला थांबत होती. "मामा, मी इथे रोज पन्नास अनोळखी लोकांना विचारते की गोळी चुकत तर नाही ना. त्यांतले निम्मे खोटे सांगतात, ते मला कळतं. आणि बाबांचं मला चार वर्षं कळलं नाही." कर्जाच्या हप्त्याचा विचार तिच्या मनात प्रथम आला असणार, आणि आमच्याही आला. आम्ही एवढेच म्हटले, "त्यांना रागावू नकोस; दुकानात जशी विचारतेस तसे विचार."

तिने दुसऱ्या दिवशी तेच केले. बहिणीने तो सारा संवाद आम्हांला नंतर सांगितला. तीन प्रश्न, स्वच्छ मराठीत, अनोळखी माणसाला विचारावेत तसे. पहिल्याला मेहुण्यांनी बरोबर उत्तर दिले. दुसऱ्यालाही दिले, रोज सकाळी एक, हे त्यांना पाठ होते. तिसऱ्या प्रश्नाला ते गप्प झाले. त्याने काय होईल, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. रक्तदाब उतरला की दुखणे बरे झाले, मग गोळी कशाला वाया घालवा, असा त्यांचा हिशेब. पैशाचा प्रश्न होता काय, असे तिने स्पष्ट विचारले, तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही. एकाच वेळी दोन्ही." तीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाचे ते उत्तर होते. मग गोळी हा रक्तदाबावरचा इलाज नसून तो ताब्यात ठेवणारा पहारा आहे, आणि पहारेकऱ्याला दिवसाआड सुट्टी देता येत नाही, हे तिने त्यांना समजावले. पैसे पाठवण्याची गोष्ट त्यांनी झिडकारली. डॉक्टरांकडे मात्र ते त्याच आठवड्यात गेले, आणि डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीचे, निम्म्या किमतीचे लिहून दिले. विचारले असते तर ते आधीही लिहून दिले असते.

त्याच वर्षी मे महिन्यात भाचीला पदवी मिळाली. नंतरची सहा तासांची परवाना परीक्षा आणि कायद्याची वेगळी परीक्षा ती उन्हाळ्यात उत्तीर्ण झाली. घरावरचे कर्ज अजून पुरते फिटलेले नाही; फिटत आले आहे. आपल्यापैकी ज्यांनी हिशेब विचारला होता त्यांनी तो आम्हांला नंतर खाजगीत विचारावा, आकडे लपवण्याचे कारण नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही सांगलीस गेलो होतो. मेहुण्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आमच्यापुढे उघडला. त्यात संपलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या रबरात बांधून, महिन्यावार लावून ठेवलेल्या होत्या. प्रत्येक रिकाम्या घरापाशी बारीक अक्षरात तारीख. दर रविवारी त्या आठवड्याची पट्टी ते पडद्यासमोर धरतात आणि भाची तिकडून तारखा वाचते. एका पट्टीवर एक घर तारखेशिवाय होते. आम्ही विचारले. "ती गोळी पलंगाखाली गेली होती," मेहुणे म्हणाले. "दुसरी घेतली. तिला कळवलं आहे."